काही न कापता

चामोर्शी,
१२ जून २००७

सुरेंद्र,

आशीर्वाद लिहायची सवय मोडली आहे, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून आधी वाटलं, कोणी गेलं की काय. मग आठवलं, आता जायला उरलंय कोण? आई तीन वर्षांपूर्वी गेली, बाबा गेल्या उन्हाळ्यात. दोन्ही वेळा तू आलास, खांदा दिलास आणि माझ्याशी अक्षरही न बोलता हैदराबादची गाडी धरलीस. मीही तुझ्याकडे पाहिलं नाही, हे खरं.

आणि आता एकदम पत्र! प्रकृतीची चौकशी एका ओळीत, बाकी सगळं पान कॅसेटींचं. बाबांच्या सगळ्या व्हिडिओ कॅसेट पार्सल करून पाठव, मी इथे कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, नाहीतर बुरशी लागून जातील. वा रे वा. खाणीतल्या बदली झालेल्या इंजिनियरकडून बाबांनी तो जुना कॅमेरा घेतला, तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं. घुग्घुसच्या क्वार्टरमधली बारशी, वाढदिवस, शेजारणींची भांडणंसुद्धा बाबांनी त्यात भरून ठेवली. इतक्या वर्षांत त्यांची आठवण तुला एकदाही झाली नाही. आताच काऊन झाली?

मी इतकी भोळी असते, तर माझ्या अंगणवाडीतल्या खिचडीचे तांदूळ कधीच पाय फुटून चालते झाले असते. पाणी कुठेतरी मुरतंय. रीताने सांगितलं असेल म्हणावं, तर तिला बिचारीला आमच्याकडचं काय माहीत, तुमच्या लग्नालाही मी आले नव्हते. म्हणजे डोकं तुझंच.

कॅसेटी येणार नाहीत. बुरशीची काळजी तुझ्याइतकी मलाही आहे. चंद्रपुरात दुकानं आहेत, मी इथेच करून घेते. तू कॉम्प्युटरमधला माणूस आहेस, तर एवढंच कळव: कशात उतरवलं म्हणजे जास्तीत जास्त वर्षं टिकेल? काम नीट समजावून सांग, उपकार होतील.

जया


चामोर्शी,
५ जुलै २००७

सुरेंद्र,

तुझं उत्तर आलं. "व्हीसीडी करून घे, सगळीकडे चालते. मधले काळे, खराब भाग कापून टाकायला सांग, उगाच जागा खातात."

मी ते पत्र घेऊन चंद्रपूरला गेले. गांधी चौकाच्या मागे विक्की नावाच्या माणसाचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. पिशवीतून पहिली कॅसेट काढली आणि त्याच्या टेबलावर राख सांडली. आपल्या आईने काय केलं होतं, माहीत आहे? बाबा रिटायर होऊन गावी आले, तेव्हा तिने सगळ्या कॅसेटी बियाण्याच्या धानासारख्या ठेवल्या होत्या. कणगीत, खाली-वर चुलीची राख आणि कडुनिंबाचा पाला, वरून शेणाने लिंपून बंद. कीड लागू नये म्हणून! विक्कीने कपाळावर हात मारला.

"बाई, हे कॅसेट होय का वांगे भाजाचे होते?"

मला हसू आलं आणि रागही आला. आईला हसायचा हक्क आपल्या घरातल्यांचा, त्याचा नाही. पण माणूस कामाचा निघाला. कॅसेटी उघडून, पुसून, नव्या डबीत घालून देतो म्हणाला. राखेने खरवडल्या आहेत, पण ओल मात्र एकीलाही लागलेली नाही.

मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुमचे भाऊ कॉम्प्युटरमंधी हायेत म्हनता, अन् व्हीसीडी सांगून राह्यले? व्हीसीडीत पिक्चर दाबून दाबून बसवा लागते, बाई. काय ठेवाचं अन् काय फेकाचं, थे मशीनच ठरवते. दुरून कोनी चालत आलं, त तोंडाच्या जागी चौकोन दिसते."

त्याने एका लग्नाची सीडी लावून दाखवली. खरंच, मांडवातल्या मागच्या माणसांना तोंडंच नव्हती. मी विचारलं, काहीच फेकत नाही असं काही आहे का? तर म्हणे आहे, डीव्ही म्हणून फाईल असते. कॅसेटमधून येतं ते जवळजवळ जसंच्या तसं उतरतं, पण तासाभराला तेरा जीबी जागा खाते, त्यासाठी हार्ड डिस्क वेगळी घ्यावी लागते. ती फाईल एकाच कंपनीच्या कुलपात नाही, बऱ्याच मशीनवर उघडते, आणि पुढे नवीन काही निघालं तर हिच्यातून त्याच्यात ओतता येते. व्हीसीडीतून ओतायला जावं, तर जे फेकलं ते गेलंच. तीस वर्षांनी उघडेल का, असं विचारलं, तर म्हणाला, "तीस वर्षाचं त मी माझ्या दुकानाचंबी नाई सांगू शकत."

आता तू सांग. टिकाऊ काय, असं मी स्पष्ट विचारलं होतं. एवढं शिकलेला तू, आणि जे सगळ्यात लवकर मरणार तेच मला सुचवलंस. चूक म्हणावी, तर ही तुझ्या धंद्यातल्या माणसाने करायची चूक नाही. आणि "काळे भाग कापून टाक", हे मी न विचारता का लिहिलंस?

जया


चामोर्शी,
२५ जुलै २००७

सुरेंद्र,

तू विक्कीला फोन केलास.

मी पत्रात दुकानाचं नाव लिहिलं नव्हतं, नुसतं गांधी चौक आणि विक्की एवढंच लिहिलं होतं. तरी शोधून काढलंस, आणि फोन करून सांगितलंस की बहिणीला समजत नाही, व्हीसीडीच करा, काळा भाग ठेवू नका, पैसे मी देतो. विक्कीने मला हे हसत हसत सांगितलं. त्याला वाटलं, केवढी भावाची माया!

आता तोंड दाबून बोलण्यात अर्थ नाही. या पत्रांत एक नाव तूही लिहिलं नाहीस आणि मीही नाही. लिहिते. मयुरी. माझी सहा वर्षांची मयुरी, त्र्याण्णवच्या मेच्या सुट्टीत आजोळी घुग्घुसला होती आणि तू कॅमेरा घेऊन दिवसभर तिच्या मागे फिरत होतास. जुलैत मलेरिया तिच्या डोक्यात चढला आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात ती गेली. बाकीच्या कॅसेटींत ती कुणाच्या तरी मांडीवर आहे, दुपट्यात आहे. चालणारी, बोलणारी मयुरी जगात एकाच ठिकाणी होती, त्या उन्हाळ्याच्या कॅसेटमध्ये.

मी तेव्हा घुग्घुसला येऊन तीच बघत बसायचे. आणि एक दिवस शेजारच्या शकुबाई मला नदीवर घेऊन गेल्या. परत येऊन कॅसेट लावली, तर सगळं काळं. टीव्हीवर नुसता अंधार आणि कोळशाच्या ट्रकांचे आवाज. तू दारात उभा होतास. ताईला बाई म्हणायचास तेव्हा. "बाई, माझ्या हातानं झालं. नवीन शूटिंग कराले गेलो अन् टोपन काढाचं राह्यलं." मी कॅसेट भिंतीवर फेकली. त्यानंतर तुझ्याशी बोलले नाही.

म्हणजे आता तुला तो काळा भाग माझ्यासमोर यायला नको आहे. का? तुझा निष्काळजीपणा तर मला चौदा वर्षांपासून माहीत आहे, त्यात लपवायचं काय उरलं? की टोपण राहिलं हेही खोटं? वर दुसरं काही चढवलं होतंस? कुणाचं लग्न? कुठली पोरगी? माझ्या लेकीच्या जागी तू काय भरलंस, ते मला पाहायचं आहे.

हे सगळं मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. तुझे भाऊजी तुला माहीत आहेत, धानाच्या बांधीत दिवस काढतील पण चार शब्द बोलणार नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू थ्या पोट्टीले पाहाले जाऊन राह्यली का भावाले पकडाले?"

दोन्हीसाठी, असं तुला सांगते.

जया


चामोर्शी,
११ ऑगस्ट २००७

सुरेंद्र,

तुझं पत्र नाही, फोन नाही. बरं.

व्हीसीड्या मिळाल्या. माझ्या सांगण्याआधीच विक्कीने तुझं ऐकून करून टाकल्या होत्या. घरी लावून पाहिल्या. बाबा सायकल पुसताना, आई कॅमेऱ्यापुढे पदर तोंडावर ओढताना, मी माहेरपणाला आलेली, दोन वेण्यांची. पाहताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"घुग्घुस, उन्हाळा ९३" नाहीच. विक्कीला विचारलं, तर म्हणे, "थे पुरी ब्लँक होती. थोडं पाहून सोडली. भाऊबी तेच बोलले होते."

मी त्याला तिथेच सांगितलं: या कॅसेटींचा मालक कोण, भाऊ की मी? मला डीव्ही पाहिजे. हार्ड डिस्क मी आणते. सगळ्या कॅसेटी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, काळ्यासकट, खरखरीसकट, काही न कापता. ब्लँक कॅसेट तर सगळ्यात आधी. तो म्हणाला, "अंधार जपून ठेवाले येवढी जागा?" मी म्हटलं, हो, माझा अंधार आहे.

जया


चामोर्शी,
३ सप्टेंबर २००७

सुरेंद्र,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे.

विक्कीने फाईल तयार करून मला बोलावलं. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने कानाला लावायचं दिलं आणि स्वतः चहाला गेला. पडद्यावर काळं. ट्रक. मग कोंबड्या. बराच वेळ एवढंच. मी उठणार होते, तेवढ्यात बाबांचा खोकला आला. बिडी पेटवण्याआधी खोकायचे तसाच. मी इकडे तिकडे पाहिलं, इतका जवळून आला.

मग आई बोलली. "झालं का जी?"

"थांब. पुरी पट्टी जाऊ दे."

"जाऊ द्या. जयाच्या पोटात चार दिवसापासून अन्नाचा कण नाई. थे पाहून पाहून मरन. नातीच्या मागं लेक नाई जाऊ देत मी."

आणि बाबा म्हणाले, "मले नाई होत व. नातीले माझ्या हातानं पुसून राह्यलो मी."

"सरका मंग. बटन मले दाखवा."

सुरेंद्र, बाबांना वाटलं, टोपण लावलं म्हणजे कॅमेऱ्याला काहीच कळत नाही. आवाजाचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आयुष्यभर खाणीत तारा जोडणारा माणूस! मयुरीचे कपडे आईने वैनगंगेत सोडले होते, खेळणी वाटून टाकली होती. कॅसेट नदीत टाकली असती तर मी रान उठवलं असतं, म्हणून हे.

मग तुझा आवाज आला. तो मी ओळखलाच नाही, पोरासारखा होता. "बाई विचारन त काय सांगू?"

आई म्हणाली, "तुझ्या हातानं झालं म्हन. आमचं नाव घेशीन त थे या घरात पाय नाई ठेवन, कोनापाशी जाईन मंग? तू भाऊ होय. भावावरचा राग राखीले जाते."

"अन् नाई गेला त?"

"जाते रे."

मी तिथेच मशीन बंद केलं. पुढचं ऐकवलं नाही. विक्की चहा घेऊन आला, तो मी न पिताच निघाले. बसमध्ये मूल गावापर्यंत मला तिकीट काढायचं भान नव्हतं, कंडक्टरने दोनदा विचारलं.

माझा संशय खरा निघाला, एवढं तरी कबूल कर. तू लपवत होतास. पण मी चोर धरायला गेले आणि हाती काय लागलं! मला आईचा राग येतो. तिने मला विचारायला हवं होतं. माझी लेक होती, ठेवायची की पुसायची ते मी ठरवलं असतं. आणि मग वाटतं, मी काय ठरवलं असतं? तेव्हा मला उभंही राहवत नव्हतं.

राखी मागच्या मंगळवारी होऊन गेली. आता मागाहून पाकिटात दोरा घालून पाठवायचं नाटक मी करणार नाही.

मला एकच सांग. चौदा वर्षांत एकदाही का बोलला नाहीस? खरं सांग, मला आता खोट्याचा कंटाळा आला आहे.

जया


चामोर्शी,
२१ सप्टेंबर २००७

चि. सुरेंद्र,

तुझं पत्र मिळालं. त्यातल्या ओळी मी ह्यांना वाचून दाखवल्या नाहीत. "पहिली राखी गेली, मग दुसरी गेली. नंतर खरं सांगितलं असतं तर तू आईबाबांशी तोडलं असतंस, आणि त्यांना तुझ्याशिवाय कोण होतं? मी तर लांब. बाबांनी दवाखान्यात हात धरून सांगितलं, त्या पट्टीत तुझ्या आईचा आवाज राहिला असेल, माझ्या आता ध्यानात आलं, जयाला ऐकू देऊ नको. म्हणून व्हीसीडी म्हणालो. तुला वाईट फॉर्मॅट सांगताना मला लाज वाटली, बाई. टिकाऊ काय ते मला माहीत होतं."

वाचून मी रडले. तू एकटाच होतास रे त्या सगळ्यात. मला आई मिळाली, बाबा मिळाले, सणावाराला माहेर मिळालं. तुला काय मिळालं?

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही. आईबाबांनाही माहीत नव्हतं.

परवा मी आणि हे दोघं चंद्रपूरला गेलो. उरलेला अंधार ऐकायचा असं ठरवलं होतं. तुमचं बोलणं संपलं, बाबांनी नाक शिंकरलं, मग पुन्हा ट्रक आणि कोंबड्या. हे शेजारी बसून आपले हात पाहत होते. आणि एका जागी खर्रकन रेघा आल्या, आणि उजेड.

बाबांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली असणार. खटका ऐकून त्यांना वाटलं असेल, पट्टी संपली. पट्टी संपली नव्हती, सुरेंद्र. शेवटचा तुकडा राहिला होता.

क्वार्टरचं आंगण आहे. मयुरी न्हाऊन आली आहे, केस ओले, आईची साडी कमरेला गुंडाळलेली. अगदी जवळ येऊन कॅमेऱ्यात बघते. समोरचा एक दात पडलेला. तो दात पडलेला होता, हे मी विसरले होते. म्हणते, "मामा, लाल लाईट लागला. मी दिसून राह्यली का?" तू म्हणतोस, "दिसून राह्यली. हलू नको." ती हलतेच. "मंग आता मले दे. मी तुले काढतो."

तू तिला कॅमेरा दिलास. एवढा जड कॅमेरा! सगळं हेलकावतं, आभाळ येतं, दोरीवरचे कपडे येतात, तिचं बोट आडवं येतं. मग तू. वीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, कॉलेजचा शर्ट, खालून तिचा हात सावरायला हात पुढे केलेला. तिचा आवाज येतो, कॅमेऱ्याच्या मागून, कानाशी: "मामा, हस ना. अस्सा नाई, चांगला हस." आणि तू हसतोस. तिथे कॅसेट संपते.

ह्यांनी मला म्हटलं, "पुन्यांदा लाव." मी लावलं. मग ह्यांनी डोळे पुसले आणि विक्कीला म्हणाले, "हे कापाचं नाई."

एवढी वर्षं मला वाटायचं, माझी लेक मला एकदा दिसावी. दिसली. पण तिने स्वतःच्या हाताने काढलेलं या जगात एकच चित्र आहे, आणि ते तुझं आहे. तिच्या डोळ्यांनी मी तुला पाहिलं. तिला तू किती आवडायचास रे! मी ते विसरून गेले होते.

घरी आलो. मी भात टाकला, वरण केलं, सुकटीची चटणी वाटली. बसून पोटभर जेवले. आई असती, तर तिला ताट दाखवलं असतं.

सोबत हार्ड डिस्क पाठवते आहे, कापडात शिवून, रजिस्टर पार्सलने. दुसरी तशीच माझ्याकडे आहे. विक्की म्हणतो, डिस्कही पाच-सात वर्षांत दगा देते, तोपर्यंत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, आणि ही फाईल वाचणाऱ्या मशीनी कमी व्हायच्या आधीच नव्या प्रकारात ओतायचं. मी आहे तोवर चंद्रपूरच्या फेऱ्या मारीन. माझ्यानंतर आमच्या घरात तिला ओतणारं कोणी नाही. ते तू करायचं आहेस, आणि तुझ्या पोरीला शिकवायचं आहेस. तिला सांग, तुझी एक ताई होती, तिला कॅमेरा पेलत नव्हता तरी सोडत नव्हती. रीतालाही दाखव. तुला इतकं हसताना तिने पाहिलं नसेल.

आणि आता मला पुन्हा सांग, नीट विचार करून: हे कशात ठेवायचं? डीव्हीतच की आणखी कशात? तू म्हणशील त्यात ठेवीन. का, ते विचारणार नाही.

तुझी,
बाई